मैत्रिणीचा परिचय करून द्यायला मी दुबईला गेले

खरं कारण आधीच सांगून टाकते. दुबई बघायची हौस मला कधीच नव्हती. धाकटा भाऊ प्रकाश तिथे बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. तो दरवर्षी बोलावायचा आणि मी दरवर्षी पेपर तपासण्याचं निमित्त सांगायचे. दोन वर्षांपूर्वी, २००२ च्या जानेवारीत त्याचा फोन आला. "ताई, तुझी ती अमेरिकेतली अनघा इकडे येतेय. शारजात सेमिनार आहे, आणि आमच्या मराठी मंडळातही तिचं भाषण ठेवलंय. पेपरात फोटो आलाय तिचा."

फोटो आलाय म्हणे! त्याच दिवशी मी व्हिसासाठी लागणारे कागद त्याला पाठवले. पासपोर्ट तयारच होता. तो मी अमेरिकेच्या आशेने काढला होता, मुदत संपली तेव्हा नवा करून घेतला होता, आणि आतून तो कोरा करकरीत होता.

अनघा आणि मी मुंबईत एकाच सरांकडे पीएच.डी. केली. विषयही जुळा: तिचा अमेरिकेतल्या काळ्यांचं राजकारण, माझा अखिल आफ्रिकावाद, म्हणजे जगभर विखुरलेल्या आफ्रिकनांनी एक व्हावं हा विचार. पुढे दोघींनी एकाच शिष्यवृत्तीला अर्ज केला आणि ती तिला मिळाली. ती तिकडे प्रोफेसर झाली, तिची तीन पुस्तकं आली. मी नांदेडला कॉलेजात लागले. तिथे हा विषय 'ऐच्छिक' म्हणून शिकवते आणि उरलेल्या तासांना ग्रामपंचायत कायदा. मला तिचा हेवा वाटतो का? वाटतो. सकाळी चहाबरोबर वाटतो, झोपताना वाटतो.

जाणाऱ्यांसाठी सांगते: मुंबईहून शारजाचं विमान दुबईच्या विमानापेक्षा स्वस्त पडतं, पण संध्याकाळी उतरू नका. शारजा ते दुबई हे अंतर नकाशावर बोटभर आहे आणि रस्त्यावर दीड तासाचं. प्रकाश स्टेअरिंगवर बोटं वाजवत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हणत होता आणि पुढच्या गाड्या जागच्या हलत नव्हत्या. दुबईतल्या करामा भागात, प्रकाशच्या घरी, पोचलो तेव्हा मात्र परदेशात आल्यासारखं वाटेना. चार मजली जुन्या इमारती, खाली उडप्याचं हॉटेल, शेजारी साड्यांचं दुकान, बाल्कन्यांत वाळत घातलेले परकर. वहिनीने बांगड्याचं कालवण केलं होतं. माझी आठ वर्षांची भाची ऋतुजा मला न्याहाळत म्हणाली, "आत्या, पपा सेज युअर फ्रेंड इज फेमस. आर यू फेमस टू?"

"नाही गं," मी म्हटलं आणि आणखी भात मागितला.

दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडायला अब्रात बसलो. अब्रा म्हणजे लाकडी होडी. तिकीट पन्नास फिल्स. "म्हणजे साडेसहा रुपये फक्त," वहिनी मोठ्याने म्हणाली, शेजारचे चार जण हसले. पलीकडे मसाल्यांच्या गल्लीत वाळवलेल्या लिंबांचा वास नाकात बसतो. शोवर्मा, म्हणजे रोटीत गुंडाळलेलं भाजलेलं मटण-चिकन, नक्की खा, तीन दिरहमला मिळतो आणि एकात पोट भरतं. हे सगळं मी बघत होते, खात होते, आणि मनात उद्याच्या सेमिनारमध्ये अनघाला विचारायचा प्रश्न घासूनपुसून ठेवत होते. तिच्या दुसऱ्या पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणात एक विसंगती आहे, ती मला ठाऊक होती.

गुरुवारी शारजाच्या सभागृहात ती आली. केस पांढरे झालेले, तसेच ठेवलेले, आणि तिला ते शोभत होते. मी निघण्याआधी मेंदी लावली होती, त्याचा मला तिथल्या तिथे राग आला. कागदात न बघता चाळीस मिनिटं बोलली. मला बघून व्यासपीठावरून उतरली आणि "अगं, वसू!" म्हणून मिठीच मारली. तिचं मराठी जरासुद्धा बिघडलेलं नव्हतं. तेवढंही समाधान मिळालं नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिच्याभोवती इतके हात वर झाले की माझा प्रश्न माझ्याजवळच राहिला.

संध्याकाळी करामातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर मंडळाचा कार्यक्रम होता. खाली बटाटेवडे तळले जात होते, वर खुर्च्या मांडल्या होत्या. मंडळाचे देशमुखकाका, ज्यांचा केटरिंगचा धंदा आहे, घाम पुसत माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही मैत्रीण ना पाहुण्यांची? मग परिचय तुम्हीच करून द्या. मला त्यातलं काय ते ब्लॅक पॉलिटिक्स कळत नाही. पाच मिनिटं बास, मग श्रीफळ, खलास."

आपल्याकडे पाहुण्याचा परिचय करून दिल्याशिवाय पाहुणा बोलत नाही. दुबईतही नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. मी उभी राहिले आणि ठरवलं की आता जे ठाऊक आहे ते सगळं बोलायचं. पहिल्या पुस्तकात तिने काय मांडलं, दुसऱ्यात ते कुठे बदललं, कुठल्या लेखात तिने स्वतःलाच खोडून काढलं, तिसऱ्या प्रकरणात गाडी कशी अडखळते आणि तिसऱ्या पुस्तकात ती तोच धागा कसा पुन्हा उचलते. मला वाटलं होतं मी तिचे दोष दाखवतेय. बोलता बोलता पंधरा मिनिटं झाली. देशमुखकाका श्रीफळ हातात घेऊन ताटकळले होते. मी खाली बसले तर टाळ्या थांबेनात. मागून कोणीतरी म्हणालं, "मैत्रीण असावी तर अशी!"

अनघा उठली. डोळे पुसून म्हणाली, "माझं एवढं सगळं कोणीच वाचलेलं नाही. माझ्या नवऱ्यानेही नाही."

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. इतकी वर्षं तिची एकेक ओळ मी कशासाठी वाचत आले, ते मलाच ठाऊक.

शुक्रवारी प्रकाशला सुट्टी. तो मला आणि अनघाला अजमानला घेऊन गेला. दुबईची चमक नको असेल तर अजमानला जा. साधा किनारा, मासळीबाजार, दुबईत भाडं परवडत नाही म्हणून तिथे राहणारी माणसं. उन्हं कलल्यावर एका लग्नाच्या मांडवाबाहेर ढोल सुरू झाले. पांढऱ्या झग्यांतले पुरुष गोल करून संथ पावलं टाकत होते, मधे सनईसारखं वाद्य वाजत होतं. ह्याला लीवा म्हणतात. पूर्व आफ्रिकेतून जहाजांवरून आणलेल्या माणसांबरोबर हा नाच ह्या किनाऱ्यावर आला. मी जन्मभर ज्याच्यावर खडूने लिहीत आले, ते समोर वाजत होतं. दहा मिनिटं मी अनघाला विसरले होते.

मग तीच बोलली. "तुझ्या वर्गात किती मुलं असतात गं?"

"साठेक."

"ऐच्छिकला? साठ?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझ्याकडे गेल्या वर्षी सात होती. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, तुम्ही इंडियन, तुम्हाला ह्यात काय कळणार? इतकी वर्षं झाली, दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. तुला विचारतात?"

मला कोणी विचारत नाही. अमेरिकेत काळ्यांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते, असं मी पहिल्या तासाला सांगते, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, आमच्या गावातला हापसा वेगळाच होता." माझ्या आजोबांना तर विहिरीच्या काठावर उभं राहायचीही मुभा नव्हती. तेही मी सांगते. मग तास संपला तरी वर्ग उठत नाही. हे सगळं मी अनघाला सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं.

ती ऐकत होती. तिच्या तोंडावर मला काहीतरी ओळखीचं दिसलं. असा चेहरा मी रोज सकाळी आरशात बघते.

"वसू, एक वर्षाची अदलाबदल करू या," ती म्हणाली. "आमच्याकडे तशी सोय आहे. तू माझ्या जागी ये, घर आहे, लायब्ररी आहे, तुझं पुस्तक पुरं कर. मी नांदेडला तुझा वर्ग घेते. कालचं ऐकल्यावर तर माझ्या विभागात तुझंच नाव सुचवणार. फक्त तू आणि तुझे प्राचार्य हो म्हणा."

जन्मभर जे हवं होतं ते अजमानच्या किनाऱ्यावर माझ्या पुढ्यात आलं होतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे माझा वर्ग आला. फळ्यापाशी अनघा उभी, कागदात न बघता बोलतेय. मागचा बाक पुढे सरकलाय. पोरं तिला वेगळ्या हापशाचं सांगताहेत आणि ती डोळे पुसतेय. माझ्या पोटात असं काही पेटलं की तिची तीन पुस्तकं आली तेव्हाही तसं पेटलं नव्हतं.

"कळवते," मी म्हटलं.

गाडीजवळून प्रकाश हाका मारत होता, "ताई, यल्ला, ट्रॅफिक लागेल!"

नांदेडला घरी आले. ऋतुजासाठी नेलेल्या चिक्कीच्या बदल्यात वहिनीने खजुरांचे चार डबे दिले होते. एक प्राचार्यांना दिला. बाकी काही त्यांच्याशी बोलले नाही. अनघाची मेल दर आठवड्याला येत होती आणि मी दर आठवड्याला 'चौकशी चालू आहे' असं लिहीत होते. अमेरिकेचं चित्र रोज डोळ्यांपुढे यायचं. ती लायब्ररी, ते टेबल, माझं अर्धं राहिलेलं पुस्तक. अजूनही येतं. दुबईत काय बघावं असं कोणी विचारलं तर मी सांगते, अजमान बघा, लीवा ऐका, शोवर्मा खा. मला काय मिळालं हे सांगत नाही.

परतल्यावरच्या पहिल्या तासाला वर्गात खजूर वाटले आणि अजमानच्या ढोलांचं सांगितलं. अनघाचंही सांगितलं, तिची पुस्तकं, तिचं बोलणं. परिचय करून द्यायची आता सवयच झाली होती. मागच्या बाकावर बसणारी कविता, जिला एरवी बोलायला लावावं लागतं, ती आपणहून उभी राहिली. डोळे चमकत होते.

"मॅडम, त्या आपल्याकडे येतील का हो शिकवायला?"

"त्यांना वेळ नसतो," मी म्हटलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.