उत्तरेश्वर डॉक्टरांची निवळी

भूल देणारे उत्तरेश्वर डॉक्टर सख्ख्या बायकोवरही पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नसत. भाजीत मीठ टाकलंय असं तिनं सांगितलं, तरी आधी बोट बुडवून चाटून बघत. येरमाळ्यापासून परंड्यापर्यंत जिथं कुठं पोट फाडायचं असेल, तिथं त्यांची स्कूटर हजर. पिशवीत औषधांशेजारी चुन्याच्या निवळीच्या बाटल्या. सर्जन मंडळी त्यांना 'पानपट्टीवाले' म्हणत आणि डॉक्टरांना ते आतून आवडतही असे.

बेशुद्ध माणसाच्या घशात घातलेली श्वासाची नळी श्वासनलिकेत गेली की अन्ननलिकेत, हे दरवेळी डोळ्यांना दिसतंच असं नाही. छातीला स्टेथोस्कोप लावावा, तर बाहेरच्या जनरेटरची घरघर कानात. शहरात म्हणे श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र आलं होतं. इथं दिवे टिकायची मारामार. म्हणून डॉक्टर रोग्याच्या नळीतून परत येणारी हवा निवळीत सोडत. निवळी दुधाळ झाली की नळी बरोबर जागी. शाळकरी शास्त्र, पण एकदा निवळीनं कौल दिला की डॉक्टर ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात साखर कारखान्याच्या दवाखान्यात कोंडिबाला बैलगाडीतून आणलं. उजव्या कुशीत कळ, अपेंडिक्स फुटायच्या बेतात.

"काही खाल्लं-प्यायलं का यांनी?" डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, दगडाबाईला विचारलं.

"पान्याचा थेंब न्हाय, सायेब. टँकरच आला न्हाय."

भूल दिली, औषधानं ठरल्याप्रमाणे कोंडिबाचा स्वतःचा श्वास थांबला, नळी घातली. डॉक्टरांनी नळीला जोडलेला हवेचा फुगा दाबला. निवळी दुधाळ!

"करा सुरू," डॉक्टर ऐटीत म्हणाले.

सर्जन हिंमतरावांनी सुरी चालवली आणि थबकले. "अहो पानपट्टीवाले, रक्त काळं येतंय!"

"निवळी बघा ना. दूध झालंय!"

"दूध राहू द्या, माणूस बघा!"

डॉक्टरांनी बघितलं. ओठ जांभळे. फुगा दाबला की छातीऐवजी पोट वर येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच पुराव्याची भीती वाटली. त्यांनी ताजी बाटली लावली. नुसते बुडबुडे, निवळी नितळच. त्यांनी नळी उपसली तशी लांबलचक ढेकर बाहेर पडली. मास्कनं प्राणवायू दिला, देवाचं नाव घेत नळी पुन्हा घातली. निवळी दुधाळ झाली. बाटली बदलली, तीही दुधाळ झाली. हळूहळू ओठांवर लाली आली.

ऑपरेशन उरकल्यावर डॉक्टर बाहेर आले. "मावशी, खरं सांगा, काय पाजलं होतं?"

"गोळी सोडा, दोन बाटल्या. पोटातला वारा निगावा म्हनून. त्ये औशीद हाय की, त्येला का पिनं म्हंत्यात?"

सोड्यातला वायूही कार्बन डायऑक्साइडच. पोटातून वर येऊन तो निवळीला पहिल्या फटक्यात फसवून गेला होता.

डॉक्टर पायरीवर मटकन बसले. "तुमच्या सोड्यानं नाही, मावशी, माझ्या हट्टानं तुमचा माणूस जात होता. बाटली पांढरी झाली, म्हणून मी त्याच्याकडं बघितलंच नाही."

दगडाबाईनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. रडली नाही, चिडलीही नाही.

"मंग आता बगा की. त्यो आत एकलाच पडलाय, आन् तुमी हितं बसलाव."