दाजींचा आहेर

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिंदच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडत होते. फोनवर ताई रडत नव्हती. "चहा घेतला, पुस्तक उघडलं, आणि मान खाली गेली गो," ती म्हणाली. "मला वाटलं, वाचताहेत. अर्धा तास मी हाकसुद्धा मारली नाय..." त्या अर्ध्या तासाचं तिला अजून वाईट वाटतं. मला मात्र तो दाजींना शोभणारा वाटतो. वाचताना हाक मारलेली त्यांना कधीच खपली नाही.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुरबाडला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. आयुष्य बैलांच्या खुरांत आणि म्हशींच्या कासेत गेलं, पण वाचायचे परदेशातल्या कादंबऱ्या, मराठीत आलेल्या. म्हसा गावच्या जत्रेत ड्युटी लागली की गुरांच्या बाजारात खुर्ची टाकून वाचत बसायचे. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, "सायेब, एवढं काय वाचता?" दाजी म्हणाले, "एकाचा घोडा बर्फात अडकलाय." दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा हजर. "निघाला का घोडा?" "अजून नाय." त्याचा बैल पहिल्याच दिवशी विकला गेला होता, पण घोडा निघेपर्यंत, म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत, तो जत्रेतून हलला नाही. घरी बायकोला काय सांगितलं असेल, कोण जाणे.

लग्न, बारसं, वास्तुशांत... दाजींचा आहेर ठरलेला. कादंबरी. माझ्या लग्नातही त्यांनी खाकी कागदात बांधलेलं जड काहीतरी हातात दिलं. सासूबाईंनी वजनावरून कुकर असेल असा अंदाज बांधला. निघाली चारशे पानांची कादंबरी, मुखपृष्ठावर जहाज. "तुझ्या बहिणीच्या घरी बरं आहे ना सगळं?" सासूबाईंनी काळजीनं विचारलं. मला इतकी लाज वाटली की पुस्तक मी ट्रंकेच्या तळाशी टाकलं. दोन वर्षांनी शहापूरच्या एका मैत्रिणीची वास्तुशांत आली. पहिल्या पानावर दाजींचं अक्षर होतं, त्यावर मी 'सप्रेम भेट' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि पुस्तक देऊन मोकळी झाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी दाजी निवृत्त झाले. निरोप समारंभाला मीही गेले होते. घरी आल्यावर दाजी भेटवस्तू उघडत बसले. दवाखान्यातल्या एका कारकुनानं दिलेल्या पुडक्यातून ते जहाज बाहेर आलं. दाजींनी पहिलं पान बोटांत धरून पाहिलं. "जाड लागतंय," म्हणाले. औषधाच्या बाटल्यांची लेबलं काढायचा त्यांचा हात. ओला बोळा फिरवत त्यांनी कारकुनाची चिठ्ठी अलगद सोडवली. खाली धसईच्या कुणाची तरी चिठ्ठी. तिच्याखाली माझ्या मैत्रिणीची. सगळ्यात खाली माझी. आणि तिच्याखाली त्यांचं स्वतःचं अक्षर: 'चि. शैलास. सावकाश वाच.'

ताई माझ्याकडे बघत राहिली. दाजींनी चारही चिठ्ठ्या वाळायला ओळीनं मांडल्या. "बरंच फिरलं की. माझ्या बदल्यासुद्धा एवढ्या झाल्या नाहीत." मग माझ्याकडे न बघता, "देण्याआधी वाचलं होतंस ना?"

"हो, म्हणजे काय."

"मग शेवटी तो म्हातारा कुठं जातो?"

मी मुखपृष्ठाकडे पाहिलं. "जहाजानं... मुलाकडे जातो."

"शाब्बास," दाजी म्हणाले आणि पुस्तक माझ्या पिशवीत घातलं.

ताईनं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, ते रात्री जेवले नव्हते. ते ऐकल्यावर मे महिन्याच्या सुट्टीत मी ते पुस्तक काढलं. नावं जिभेवर बसेनात, म्हणून प्रत्येकाला आमच्या शाळेतल्या एकेकाचं नाव दिलं. कपटी जमीनदार म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यानंतर कुठं नीट कळायला लागलं. एकविसाव्या दिवशी शेवटचं पान संपलं. थोडी रडले. मग जागेवरून उठले आणि फोन लावला.

"दाजी, यात म्हातारा नाहीच कुठं."

"म्हणजे वाचलंस तर," दाजी म्हणाले.

तिथून पुढची वर्षं आम्ही दोघांनी मिळून पुस्तकांतून किती देश पाहिले! एकदा मी विचारलं, तुम्हाला आपली माणसं पुरत नाहीत का? ते म्हणाले, "एका घरी म्हैस मेली होती. बाई ओट्यावर गप्प बसलेली. आधी मला नुसती म्हैस दिसली असती. पण अशी गप्प बसलेली बाई मी एका पुस्तकात पाहिली होती, पार दुसऱ्या देशातली. म्हणून थांबलो, चहा मागितला. मग ती बोलली."

दहाव्याला गावोगावची माणसं आली ती हातात पुस्तकं घेऊन. घरच्यांना हवी असतील असं त्यांना वाटलं. एक म्हातारेबुवा म्हणाले, "आमी वाचलं नाय, पण पावसात भिजू दिलं नाय." ताईनं एकही परत घेतलं नाही. सगळे गेल्यावर आम्ही दाजींचं कपाट उघडलं. मला वाटलं होतं, खच्चून भरलेलं असेल. त्यात चष्म्याचं एक जुनं घर होतं आणि खाकी कागदाच्या घड्या. बाकी सगळं वाटून झालं होतं. शेवटच्या सकाळी त्यांच्या मांडीवर होतं तेवढं एकच पुस्तक उरलं.

ताईनं आयुष्यात पंचांगापलीकडे काही वाचलेलं नाही. परवा दुपारी तिचा फोन आला.

"शैला, ही जी बाई आहे ना, बेकरीवाली, तिचा नवरा लढाईवरून परत येतो का गो?"

मी ती कादंबरी वाचलेली होती. सांगायला तोंड उघडलं.

"नको, सांगू नको," ताई म्हणाली. "ते थांबले तिथवर मी पोचले. आता पुढचं माझं मी बघते."