शांताचं माहेरचं नाव काय?

मंडळी, आज डोकं पार चक्रावलंय.

मी इथे लिहिते त्या कथेतली शांता तुम्हाला माहीत आहेच. सासरी सगळं मुकाट सोसते, म्हणून नाव शांता.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सुशीलाताईंना कथा वाचून दाखवली. त्या चाकणकडच्या.

"शांता हे माहेरचं नाव हाय का सासरचं?"

"एकच नाव आहे."

"असं कसं? मी माहेरची रंजना. झाडावर चढायची, पोरांना बडवायची. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात सुशीला लिहिलं. तवापासून हळू बोलते."

गेटवर उतरल्यावर मी मागून मुद्दाम हाक मारली, "रंजनाताई!"

त्या वळल्याच नाहीत.

ऐकू गेलं नसेल का? आणि आता शांताला मी काय हाक मारू?