अल्सीड म्हणाला, डेल म्हणाला

नॉर्मंड लव्हॅसरला स्वतःचं मत नाही, असं आमच्या गावात सगळेच म्हणायचे, आणि त्यात गावाची काही चूक नव्हती. यंदाचा हिवाळा कडक जाईल का, असं विचारलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघायचा, तुम्हाला काय ऐकायचंय ते हुडकायचा आणि नेमकं तेच सांगायचा. ही लबाडी नव्हती. कुणाचा आवाज चढला की तो खाली आणायची त्याला घाई व्हायची, एवढंच. आई-बापाच्या भांडणात वाढलेलं पोर दुसरं काय शिकणार?

अमेरिकेच्या मेन राज्यातली आमची ही कागदाची गिरणी जाड्या कादंबऱ्यांना लागतो तो स्वस्त, पिवळट कागद काढायची. कागदावर छपाई कशी उठलीय ते दाखवायला छापखान्याकडून नमुन्याच्या प्रती यायच्या आणि त्या अकरा नंबरच्या मशीनमागच्या जेवणाच्या खोलीत पडून असायच्या. तिथेच नॉर्मंड, अल्सीड मिशो आणि डेल हॅस्केल या तिघांना वाचनाचं वेड लागलं. राजे, शापित तलवारी, बोलणारे लांडगे; हजार हजार पानांचे खंड आणि एकेका मालिकेचे पाच-पाच, सहा-सहा खंड. प्रत एक आणि वाचणारे तीन, म्हणून ते खंड सरळ छाटणीच्या पात्याखाली घालायचे आणि तीन तुकडे करायचे. पहिला तुकडा एकाचा वाचून झाला की दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. पुस्तकं जपणाऱ्यांना हे ऐकून कसंसं होईल. होऊ दे. त्या तिघांनी जेवढी पुस्तकं फाडली तेवढी या जपणाऱ्यांनी उघडलीसुद्धा नसतील.

शनिवारी सकाळी क्लॉडेटच्या खानावळीत बैठक. आधी पान अंगठ्याखाली घासून बघायचं. "हा कागद आपला," असं अल्सीडने म्हटलं की मग गोष्टीवर यायचं. नियम एकच. ज्याने जिथवर वाचलंय त्याच्या पुढचं त्याच्यासमोर बोलायचं नाही.

अल्सीडला काहीही आवडायचं नाही. "चारशे पानं नुसते जेवतायत लेकाचे! भांडी कोण घासतं तिथे?" डेलला सगळंच आवडायचं, अगदी फ्लोरिडातल्या गुप्तहेराची ती भिकार कादंबरीसुद्धा. "अरे, पण शेवटी कुत्रा वाचतो की नाही? मग झालं तर."

"कुत्रा वाचला म्हणून पुस्तक चांगलं? अक्कल गहाण टाकलीस काय रे?"

"तुझ्याकडे गहाण टाकणार होतो, पण तुझं दुकान आधीच रिकामं."

मधे बसलेला नॉर्मंड प्लोयच्या पातळ पोळ्यांवर काकवी ओतत दोघांनाही मान डोलवायचा. "दोघांचंही बरोबरच आहे म्हणा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर दोघं मिळून त्याला हसायचे. त्याला ते हसणं आवडायचं. सबंध आठवड्यात तो खरा सुखी असायचा तो त्या दोन तासांत.

मग गिरणी बंद पडली. गाव कसं ओस पडलं, कुणाची घरं गेली, कोण कुठे गेलं, ते रडगाणं मी गात नाही, प्रत्येक नदीकाठी एक तरी असं गाव आहेच. सांगायचंय ते एवढंच की अकरा नंबरचं मशीन समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कंपनीने विकत घेतलं, ते खोलून पेट्यांत भरायला माणसं हवी होती, आणि डेलने ते काम धरलं. त्याची बायको जेनिस तेव्हा आजारी होती. अल्सीड त्या मशीनवर चौतीस वर्षं उभा होता. तो क्लॉडेटच्या खानावळीत सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या गाईचं दूध प्यायलास तिचीच कातडी सोलायला गेलास ना? आता या टेबलाशी तू बसलास तर मी नाही, आणि मी बसलो तर तू नाही."

डेल टोपी उचलून निघून गेला. पुढे त्याची बायको वारली, तेव्हाही अल्सीड मातीला गेला नाही. त्याच वर्षी नॉर्मंडची बायको लुसीलही गेली. मुलगी अॅरिझोनात, तिचा फोन रविवारी. घरात नॉर्मंड आणि टीव्ही.

तेव्हापासून नॉर्मंड तुकडे पोचवू लागला. गिरणीचं पातं आता नव्हतं, म्हणून तो विकत आणलेले खंड मासे कापायच्या सुरीने फाडायचा, एक तुकडा नदीच्या अलीकडे अल्सीडकडे द्यायचा, त्याचा झाला की पलीकडे डेलकडे न्यायचा. आणि तुकड्याबरोबर मतंही. "अल्सीड काय म्हणाला रे?" डेल विचारायचा. "तो लेकाचा काय म्हणतो?" अल्सीड विचारायचा, पण विचारायचा. नाव घ्यायचं नाही आणि विचारल्याशिवाय राहायचं नाही, असं त्याचं चालायचं.

त्या दिवसांत तिघं दीपगृहांची सहा खंडांची मालिका वाचत होते. नऊ बेटं, नऊ दीपगृहं, आणि दिवे विझले की समुद्रातून वर येणारे मेलेले लोक. चौथ्या खंडात थर्न नावाचा एक दिवेकरी येतो. त्याची मुलं उपाशी असतात. शत्रू त्याला पोटभर धान्य देतो, आणि हा आपल्याच दीपगृहाचा दिवा काचेकाचेने सुटा करून शत्रूच्या गलबतावर चढवून देतो.

तुकडा परत देताना अल्सीडने तो टेबलावर आपटला. "सांग त्याला," तो म्हणाला. "सांग, त्या थर्नला त्याच्याच मनोऱ्यावर फाशी द्यायला पाहिजे. आणि वर सांग की त्याला आवडलंच असेल, त्याचीच गोष्ट आहे."

पुलावर गाडी थांबवून नॉर्मंड कितीतरी वेळ बसून राहिला. हे जसंच्या तसं सांगितलं तर डेल पुढचा तुकडा घेणार नाही, हे त्याला दिसत होतं. डेलच्या दारात त्याने पाय पुसले, आत गेला आणि म्हणाला, "अल्सीड म्हणाला, त्या थर्नचा तरी काय इलाज होता. घरात पोरं उपाशी."

 स्वयंपाकघरात जाऊन डेलने उगाच नळ सोडला, बंद केला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "असं म्हणाला? अल्सीड?"

"हो."

"मला विचारशील तर थर्नने केलं ते बरोबरच केलं," डेल म्हणाला. "दिवा काय, आज ना उद्या कुणीतरी नेलाच असता. पण अल्सीड असं म्हणाला, हे बरं वाटलं बघ."

परतताना नॉर्मंडने हेही वळवून घेतलं. अल्सीडला तो म्हणाला, "डेल म्हणतो, थर्नने तसं करायला नको होतं. म्हणतो, त्याला आयुष्यभर झोप लागणार नाही."

 "निदान एवढं तरी कळतंय म्हणायचं," अल्सीड पुटपुटला, आणि पुढचा तुकडा डेलसाठी देताना त्याने त्यातलं सुरकुतलेलं एक पान सरळ करून ठेवलं.

एकदा पाणी मुरायला लागलं की कुठवर मुरेल ते कोण सांगणार? पाचवा खंड आला. मधे नेब्रास्कातल्या एका डॉक्टरीणबाईंची रडकी कादंबरी आली, एक खुनाची आली. प्रत्येक वेळी नॉर्मंडने इकडचं तिखट काढून तिकडे गोड नेलं. अल्सीड म्हणाला, डेलला वाचनातलं कळतं हो. डेल म्हणाला, अल्सीडसारखा टीकाकार नाही. रात्री अंथरुणात पडून तो दुसऱ्या दिवशीची वाक्यं जुळवायचा, त्यात दोघांच्या शिव्यासुद्धा बसवायचा, म्हणजे खरी वाटतील. दोन वर्षं हे चाललं. आणि या दोन वर्षांत तो स्वतः ती पुस्तकं नुसती चाळायचा, कारण कोण काय म्हणेल याकडेच त्याचं सगळं लक्ष. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सहावा आणि शेवटचा खंड आला. या वेळी पाळी अशी होती की आधी अल्सीड, मग डेल आणि शेवटी नॉर्मंड. दोन तुकडे तिघांचे वाचून झाले. तिसरा तुकडा घेताना डेल म्हणाला, "नॉर्म, अल्सीडला विचारशील? शनिवारी बसूया का म्हणावं. शेवटाचं नाही बोलायचं, तुझं राहिलंय ना. बाकीचं बोलू."

अल्सीडने नाक मुरडलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "क्लॉडेटला सांग, खिडकीजवळचं टेबल."

आनंदाने नॉर्मंडला त्या आठवड्यात अन्न गेलं नाही. भीतीनेही गेलं नाही. खरं सांगून टाकावं असं गुरुवारी त्याच्या मनात आलं होतं, शुक्रवारीही आलं होतं.

शनिवारी दोघं आले. डेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. क्लॉडेटने तीन कप ठेवले आणि काही न बोलता अल्सीडच्या खांद्यावर हात ठेवून गेली. अल्सीडने पान अंगठ्याखाली घासलं. "हा आपला नाही," तो म्हणाला. "मऊ आहे."

"मऊच आहे," डेल म्हणाला. तिसरा तुकडा त्याने नॉर्मंडच्या पुढ्यात सरकवला. मग घसा साफ केला. "अल्सीड, एक बोलायचं होतं. जेनिस गेली त्या हिवाळ्यात मी फार खचलो होतो. तू त्या थर्नबद्दल जे म्हणालास ना, त्याच्यावर मी ते दिवस काढले."

"काय म्हणालो मी?"

"हेच की, त्याचा काय इलाज होता. पोरं उपाशी."

अल्सीडने कप खाली ठेवला. "मी म्हणालो?"

"नॉर्मने सांगितलं ना."

"मी म्हणालो, त्याला त्याच्याच मनोऱ्यावर टांगा. आजही म्हणतो." आवाज चढला नव्हता. "तूच म्हणाला होतास ना, त्याने करायला नको होतं, झोप लागणार नाही म्हणून? म्हणून तर मी आलो इथे."

"मी?" डेल खुर्चीत मागे सरला. "मी म्हणालो, बरोबर केलं. मला झोप नीट लागते, अल्सीड. जेनिसची औषधं त्या कामावर आली."

दोघंही नॉर्मंडकडे बघू लागले. इतकी वर्षं तो मधे बसत आला होता, पण असं कुणी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"मला वाटलं..." तो म्हणाला. "तुम्ही दोघं पुन्हा... दोघांचंही बरोबरच आहे म्हणा..."

या वेळी कुणी हसलं नाही. "दोन वर्षं मी तुझ्याशी बोलत होतो तर," अल्सीड म्हणाला. "आणि तू माझ्या तोंडात घास घालत होतास, बाळाला घालतात तसा." तो उठला. काठी सापडेना म्हणून त्याने टेबलाचा आधार घेतला आणि एक कप लवंडला. डेलने काठी उचलून त्याच्या हातात दिली. अल्सीडने ती घेतली, पण आभार मानले नाहीत. तो गेला.

 "मला ते त्याच्या तोंडचं हवं होतं रे," डेल म्हणाला. "तुझ्या तोंडचं असतं तरी चाललं असतं. पण तू म्हणालास, त्याचं आहे." मग तोही गेला. नॉर्मंडने कागदी रुमालाने सांडलेली कॉफी पुसली. क्लॉडेटने "राहू दे" म्हटलं तरी तो पुसत राहिला.

रविवारी जेवण झाल्यावर त्याने तिसरा तुकडा हातात घेतला. दुसरं करण्यासारखं घरात काही नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच, हे अल्सीडला कसं सांगू आणि ते डेलला कसं सांगू, असं मनात न आणता तो वाचत होता, आणि ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तरी तो उठला नाही. थर्नचं काय होणार? फाशी की माफी? चौथ्या खंडापासून सगळं जग ते विचारत होतं. आणि शेवटून अकराव्या पानावर लेखकाने एका ओळीत सांगून टाकलं होतं की थर्न दीपगृहाच्या ओल्या पायरीवरून घसरला आणि मेला. बस्स. पुढच्या ओळीत राजाचं लग्न.

नॉर्मंडने ती ओळ तीनदा वाचली. मग त्याला असा राग आला, की असा राग त्याला मशीन गेलं तेव्हा आला नव्हता आणि लुसील गेली तेव्हाही आला नव्हता. हा लेखक भित्रा होता! फाशी दिली तर अर्धे वाचक रुसतील, माफ केलं तर उरलेले अर्धे रुसतील, म्हणून बिचाऱ्याला पायरीवरून ढकलून दिलं. त्या माणसाचा जीव गेला, पण त्याने केलं ते बरोबर की चूक हे कुणी त्याला तोंडावर सांगितलं नाही. तो उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागला, मोठ्यांदा बोलायला लागला. हे मत त्याचं होतं. त्रेसष्टाव्या वर्षी, त्याचं, आणि ते छातीत मावत नव्हतं.

त्याने अल्सीडला फोन लावला. "अल्सीड, मी नॉर्म, मी शेवट वाच..." पलीकडून फोन ठेवला गेला.

त्याने डेलला लावला. डेलने उचलला. नॉर्मंडने सगळं सांगितलं, भडाभडा, श्वास न घेता. ती पायरी, ते लग्न, तो भित्रा लेखक. इतकं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. डेलने मधे एकदाही तोडलं नाही.

"खरं आहे," शेवटी डेल म्हणाला. "माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. हे कुणाचं म्हणणं, नॉर्म? अल्सीडचं?"

"नाही. माझं."

 अगदी मायेने, आजाऱ्याशी बोलावं तसं डेल म्हणाला, "ठीक आहे, नॉर्म. तू म्हणतोस तर तुझं," आणि त्याने फोन ठेवला.