एका गंजीचे तीन फोटो

मी चिखलीच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि घरी वऱ्हाडी ऐकत वाढले. ऐकत म्हणते, कारण बोलायचे मी दोन्ही भाषांत कमीच. विद्यापीठाच्या शाश्वत विकास केंद्रात संशोधन सहायक म्हणून लागले, तेव्हा बाबांनी विचारलं, तिथं नेमकं शिकवतात तरी काय. त्यांचं धान्याचं दुकान आहे. मी म्हटलं, शेती, यंत्रं, पैसा आणि माणसं, सगळं एकत्र. ते म्हणाले, "ते तं आपल्या दुकानातही हाय," आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मला शिकवायचं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना गावातली साधनसंपत्ती हा विषय असतो, तो मला हवा होता. केंद्राच्या प्रमुख मॅडमना तसं मेलवर कळवलंही. त्यांनी बोलावून घेतलं. काम चांगलं आहे म्हणाल्या, पण एवढ्या बैठका झाल्या, तुझा आवाज अजून कुणी ऐकलेला नाही. "वर्ग कसा देऊ तुला?" त्यांनी हे रागावून विचारलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. उन्हाळ्यातल्या आढावा बैठकीनंतर ठरवू, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

त्या वर्षी आमचं काम पिंपळगाव राजाला चाललं होतं. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी झाडं उभी राहतात, त्या पऱ्हाट्या. त्यांचं काय करता येईल, हा अभ्यासाचा विषय. यंत्र विभागाचे सर, मृदाशास्त्राच्या मॅडम आणि अर्थशास्त्राचे सर, असे तिघं मिळून करत होते. मिळून म्हणजे कागदावर. तिघांची वेळापत्रकं कधी जुळली नाहीत, त्यामुळे प्रत्येकाची जीप वेगळ्या दिवशी निघायची. तिघंही बाहेरगावचे, वऱ्हाडी पटकन कळायची नाही, म्हणून तिन्ही जिपांत मागच्या सीटवर मी असायचे. एकाचा प्रश्न गावकऱ्यांना सांगायचा, गावाचं उत्तर त्यांना सांगायचं. दुसऱ्याचं बोलणं पोचवताना मला कधीच अडखळायला होत नाही. अडचण स्वतःचं बोलताना येते.

तिन्ही जिपा एका काकूंच्या घरापाशी थांबायच्या, कारण तिथं सावली होती आणि चहा मिळायचा. घरामागे पऱ्हाट्यांची मोठी गंजी होती, वरून निवडणुकीचं जुनं बॅनर टाकलेलं. नेत्याचा चेहरा पलीकडच्या बाजूला गेला होता, अलीकडे फक्त त्याचे जोडलेले हात दिसायचे. सर किंवा मॅडम गंजीची मापं घेत तोवर काकू मला चुलीजवळ बसवून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "तू बोलत काऊन नाही वं? बोलल्यावर पगार कापतेत काय तुहा?" मी हसले. त्यांनी चुलीत आणखी दोन काड्या सारल्या.

आढाव्याच्या आधी तिघांनी आपापलं सादरीकरण मला पाठवलं. सगळं एका साच्यात बसवायचं काम माझं. मी उघडून बघत गेले. पहिल्यातल्या फोटोत काकूंची गंजी होती, बॅनरवरच्या जोडलेल्या हातांसकट. दुसऱ्यातही तेच हात, जरा जवळून. तिसऱ्यात हात होते आणि गंजीवर चढलेली काकूंची शेळीही होती. मी आधी एकटीच हसले. मग मजकूर वाचला. यंत्रवाल्या सरांनी गावातल्या सगळ्या पऱ्हाट्या पांढऱ्या कोळशाच्या यंत्रात घातल्या होत्या, जळणाच्या कांड्या करायला. मृदेच्या मॅडमनी त्याच सगळ्या बारीक करून जमिनीत परत मिसळल्या होत्या. अर्थशास्त्राच्या सरांनी त्या सगळ्या विकून गावाचं उत्पन्न वाढवलं होतं. तिघांचंही काम आपापल्या जागी चोख होतं. तिघांनी पऱ्हाट्यांना एकच नाव दिलं होतं, टाकाऊ अवशेष. आणि काकूंच्या चुलीसाठी कुणीही एक काडी ठेवली नव्हती.

मेलवर चार ओळी लिहून मोकळं होता आलं असतं. पण मग बैठकीत मी पुन्हा गप्पच बसले असते, आणि वर्गाचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. तीन प्राध्यापकांसमोर, तुम्ही एकच गोष्ट तीनदा वापरली, हे वाक्य माझ्या तोंडून नीट निघणार नाही, हेही ठाऊक होतं. लहानपणी दुकानात मात्र मी न लाजता माल मोजून द्यायचे. हातात काही असलं की मला जमतं.

मी पिंपळगावला गेले आणि काकूंकडे एक भारा मागितला. कशाला ते सांगितलं. त्यांनी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तो बांधून दिला आणि काय होतं ते येऊन सांगायचं, अशी अट घातली. परतीच्या बसमध्ये कंडक्टर भाऱ्याकडे बघून म्हणाला, "काऊन म्याडम, मेसमधला गॅस संपला काय?" आजूबाजूचे हसले. मी "हाव" म्हटलं, तेव्हा जास्तच हसले. मलाही बरं वाटलं.

बैठकीत तिघांचं सादरीकरण झालं. माझी पाळी आली तेव्हा मी भारा टेबलावर ठेवला. धूळ उडाली, कुणीतरी पाण्याचे ग्लास बाजूला केले. मी पट्टी सोडली आणि म्हटलं, "हे सगळं गाव आहे असं समजा. तुमच्या अहवालात लागतं तेवढं ज्यानं त्यानं घ्या."

यंत्रवाल्या सरांनी खेळ समजून सगळा भारा आपल्याकडे ओढला. मृदेच्या मॅडम म्हणाल्या, अहो, मला ठेवा. सरांचा हात थांबला. अर्थशास्त्राचे सर कपाळाला हात लावून म्हणाले, "मी तर विकूनसुद्धा टाकल्या." मग मी यंत्रवाल्या सरांपुढच्या ढिगातून एक मूठ काढून माझ्याकडे घेतली. ही चुलीची, म्हटलं. पुढे सांगायची गरज पडली नाही, तरी मी सांगितलं. स्वयंपाक कशावर होतो, गंजी घरामागे का रचतात, ती संपली की काय जाळतात. दोनदा अडखळले, पण शेवटपर्यंत बोलले.

नंतर खरं भांडण झालं. मृदेच्या मॅडमनी मलाही सोडलं नाही. पऱ्हाट्या घरामागे साठवल्या तर त्यात गुलाबी बोंडअळी राहते, मग पुढच्या कापसाचं काय, असं विचारलं. त्यांचं बरोबर होतं, आणि ते मी धरलंच नव्हतं. दुपारचं जेवण तसंच राहिलं. एकाच टेबलावर, एकाच भाऱ्यावरून ते तिघं पहिल्यांदा बोलत होते, आणि मधूनमधून माझ्याकडे बघून विचारत होते. शेवटी ठरलं की पुढच्या वेळी सगळे एकाच जिपेतून जायचं. प्रमुख मॅडम पऱ्हाट्यांचा कचरा टेबलावरून झटकत उठल्या आणि मला म्हणाल्या, "जूनपासून वर्ग तुझा. हे सामान जपून ठेव."

जिपेत दाटीवाटीनं बसून आम्ही पिंपळगावला गेलो. काकूंनी सगळ्यांना चहा दिला आणि मला आत बोलावलं.

"बोलली काय मंग?"

"हाव, बोलली."

"मंग माहा भारा काऊन नाही आनला वापस?"

मी सांगितलं, तो आता वर्गात लागतो. दरवर्षी नवी मुलं येतील, दरवर्षी लागेल. त्यांनी थोडा विचार केला, बाहेर खाटेवर कप घेऊन बसलेल्या प्राध्यापकांकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या की ठीक आहे, मास्तरीणबाईंना एक भारा देता येईल.

मास्तरीणबाई मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी परतल्यावर बाबांना ते सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, तरीही मोठ्यानं सांगितलं.