आग्रह न करणारी खानावळ

भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. दहावीला जरा बरे मार्क पडले की नांदेडातले आईबाप लेकरांच्या ट्रंका बांधायला लागत. आमच्याही घरी तेच झालं. यांनी फी भरली, वसतिगृहात जागा ठरवली आणि ऐन वेळी रजा मिळत नाही म्हणून हात वर केले. लेकीला पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

लेक रडली नाही, भांडली नाही. फक्त जेवेनाशी झाली. मी पुऱ्या तळल्या, शिरा केला, लाडीगोडी लावली, शेवटी ओरडले. ती ताटात चिवडाचिवड करायची आणि उठायची. उपाशी पोर परक्या गावी सोडायचं कसं, या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला होता. सोडू नये म्हणावं, तर यांच्यापुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती.

चाकूरच्या पुढं एसटी पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "टाइम लागंल. ज्याला जेवायचं त्यानं जेवून घ्या."

रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड होती. पाटी नाही, बाकडी नाहीत, खाली पोती अंथरलेली. असल्या ठिकाणी मी एरवी पाणीसुद्धा पीत नाही. बाहेर गेले की पेल्याचा वास घेऊन बघायची माझी जुनी खोड. पण ऊन मी म्हणत होतं, म्हणून शिरले.

चुलीपुढं माझ्याच वयाची एक बाई होती, औशाकडची. तिनं ताटं आणून ठेवली. तव्यावरची ज्वारीची भाकरी, येसराची झणझणीत आमटी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. ठेवली आणि सरळ चुलीकडं गेली. घ्या नाही, वाढू का नाही. मला रागच आला. आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा अर्धी भाकरी जास्त घ्यायला लावतात.

तिची कसर मीच भरून काढायला लागले. "खा गं. एक घास तरी. माझ्यासाठी."

"ऱ्हाऊ द्या की अक्का," बाई तिकडूनच म्हणाली. "भूक लागली की खाईल."

मी तणतणत रांजणाकडं पाणी आणायला गेले. परत येते तो लेकीच्या ताटातली भाकरी संपलेली. "अजून एक द्या," ती बाईला म्हणत होती, "आणि आमटी पण." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्नाच्या पंगतीतही मला कधी इतकं गोड लागलेलं नाही, आणि पैसे म्हणाल तर स्टँडवरच्या वडा-चहाएवढेच.

खुशीत येऊन मी त्या बाईला चिडवलं. "काय वं बाई, गिऱ्हाइकाला घ्या-घ्या म्हणायची पद्धत न्हाई का तुमच्यात?"

"आधी लई करायची आग्रह." ती भाकरी थापत राहिली. "लेक माझी जळकोटला मामाकडं रमली होती. येत न्हाई म्हणायली. मीच निरोपावर निरोप धाडले, गणपतीला ये म्हणून. आली बिचारी. गणपती बुडवून निजलो, आन् पहाटं घर अंगावर आलं." तिनं भाकरी उलटली. "तवापासून कुणाला ये म्हणत न्हाई, घे म्हणत न्हाई. ज्याच्या त्याच्या मनानं."

आम्ही कुठं निघालोय हे तिला ठाऊक नव्हतं. मला लेकीकडं बघवेना.

चाक दुरुस्त झालं. माणसं चढायला लागली. लेक हात धुऊन माझ्यापाशी आली आणि तिनं विचारलं, "आई, जायचंच का?"

नांदेड सोडल्यापासून हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. चल, एवढंच. ते आता निघेना. आणि "नको जाऊ, परत फिरू" हेही निघेना. भरलेली फी, टपावर बांधलेली ट्रंक, घरी यांचा चढलेला आवाज. मी उन्हात पिशवी धरून नुसती उभी राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी त्या बाईकडं पाहिलं. तिनं तरी काही म्हणावं असं मला फार वाटलं. ती बघत होती, पण बोलली नाही.

लेकीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, माझं मनगट धरलं आणि मला एसटीच्या दाराकडं नेत म्हणाली, "चल, आई."