पायाशी पोहणारा माणूस

नाणेसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत, डबा खाऊन झाल्यावर, कुमुद लाटकर टेबलावर डोकं टेकवते. पाचच मिनिटं, असं तिचं म्हणणं. तिला नाणी ओळखायला शिकवणारे हर्षे सर वारल्यापासून चार महिने ती त्यांनी संग्रहालयाला दिलेली नाणी ओळखून एकेकाचं कार्ड लिहिते आहे. मान आखडली आहे, डोळ्यांचं पाणी खळत नाही. आणि उरलं आहे नेमकं तेच नाणं, जे तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं.

रोमन अमलाखालच्या अँटिओक शहराचं ते काशाचं नाणं. एका बाजूला बादशहाचा झिजलेला चेहरा, दुसरीकडे खडकावर बसलेली देवी, तिच्या पायाशी हात पसरलेला माणूस. सरांनी ती महिषासुरमर्दिनी ठरवली आणि नाणं आपल्याच मुलखातलं. त्यावर त्यांचा लेख छापून आला. आयुष्यात तेवढा एकच.

पंखा घरघरतो. समोरच्या खुर्चीत सर बसले आहेत. भर वैशाखात गळ्याला मफलर.

"कार्ड कोरं का गं?"

"लिहिते सर. दमलेय."

"महिषासुरमर्दिनी लिही आणि घरी जा की."

टेबलाखाली पाणी आलं आहे. तिला त्याचं नवल वाटत नाही. दोघं घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी आहेत, सरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आहे. पाण्यातून एक माणूस हात पसरून आरामात चालला आहे.

"हा कोण?"

"नदी, सर. त्या लोकांत नदी पुरुषाच्या रूपात दाखवतात. नाण्यावरची ती बाई त्या शहराची देवी. तटबंदीचा मुकुट आहे बघा तिच्या डोक्यावर."

"म्हणजे ती त्याला मारत नाहीये?"

"तो पोहतोय."

सर भिंगातून बघत राहतात. मग खुदकन हसतात. "आणि मी तीस वर्षं त्याचा जीव घेत बसलो!" हसू ओसरतं. "तुला कधी कळलं?"

"लेख छापून आला त्याच वर्षी."

"आणि मूग गिळून बसलीस?"

"तुम्ही पेढे वाटत होतात, सर."

"अगं, चार दिवस रुसलो असतो. पण चूक घेऊन मेलो नसतो."

तिला रडू येतं. इतकी वर्षं ज्याला ती आदर म्हणत आली, तो निव्वळ भित्रेपणा होता, आणि त्याच्याच ओझ्याने ती दमली आहे. सर कमरेइतक्या पाण्यात गेलेत.

"माझं नाव खोडू नकोस," ते न वळता म्हणतात. "चूक माझी म्हणून लिही. दुरुस्ती तुझी."

कुमुद जागी होते. नाणं हाताखालीच राहिलं होतं. तळहातावर त्याचा लाल, गोल ठसा उमटला आहे, त्यात पसरलेले दोन हात. थोड्या वेळात तो जाईल. ती पेन उघडते. सरांनी दिलेली ओळख त्यांच्या नावानिशी जशीच्या तशी उतरवते आणि खाली लिहिते: चूक, पायाशी नदी आहे. मग 'दुरुस्ती' या शब्दापुढे, तीस वर्षं उशिरा, स्वतःचं नाव.